नावेतली मागची जागा

कॉलेजच्या नौकानयन संघाच्या सरांना मुलींनी ‘चौकशी खिडकी’ असं नाव ठेवलं होतं. फरक एवढाच, की इथे प्रश्न खिडकीच विचारायची. नाव मघाशी एका बाजूला का ओढली गेली? तुझे मोजे ओले कसे झाले? आज गप्प का आहेस? उत्तर मिळेपर्यंत सर जागचे हलायचे नाहीत.

घरीही तीच तऱ्हा. “भाजी खारट झालीय हे कळलं ना? मग वर पाणी प्या. उगाच तिची मुलाखत घेत बसू नका,” असं बायको म्हणायची.

खोड जुनी होती. स्वतः कॉलेजात असताना सर कायम राखीव खेळाडू. म्हणजे इतरांबरोबर नाव खांद्यावरून पाण्यापर्यंत न्यायची, आणि मग काठावर बसून सगळ्यांच्या चपला सांभाळायच्या. चपला सांभाळता सांभाळता त्यांनी पाहिलं, की धिप्पाड गड्यांची नाव कधीकधी किरकोळ पोरांच्या नावेमागे पडते. असं का, म्हणून त्यांनी तेव्हाच्या प्रशिक्षकांना विचारलं. “तू चपलांकडे बघ,” असं उत्तर मिळालं. त्या उत्तराच्या रागानेच ते पुढे प्रशिक्षक झाले म्हणायला हरकत नाही. आधी हंगामी, मग कायम. केस पिकले ते त्याच नौकाघरात, उलट्या टांगलेल्या नावा आणि वॉर्निशच्या वासात.

एवढ्या वर्षांत त्यांनी काय काय करून पाहिलं याला सुमार नाही. नावेच्या तळाशी अर्धा भरलेला पेला ठेवून तो कधी सांडतो ते पाहिलं. मुलींना डोळे मिटून वल्हवायला लावलं. एकदा सगळ्यांच्या कानांत कापूस घातला, आणि मग “थांबा, थांबा” हे त्यांचं ओरडणं कुणालाच ऐकू न आल्याने नाव सरळ लव्हाळ्यात घुसली. प्राचार्यांनी बोलावून चांगलं फैलावर घेतलं. सगळं ऐकून घेतल्यावर सर म्हणाले, “ते खरंच, पण वेग काय झकास होता, पाहिलात का?”

या वर्षी मात्र त्यांच्यापुढे मोठा पेच आला. चौघींच्या नावेतल्या तीन जागा ठरल्या होत्या. चौथ्या जागेसाठी दोघी उरल्या. एक सरांची स्वतःची लेक, आणि दुसरी, जिला सगळे काडी म्हणत ती. लेकीचं हे कॉलेजातलं शेवटचं वर्ष. शाळेत असल्यापासून तिला एकच ध्यास, बाबांच्या नावेत बसायचं. ओढीचा जोर मोजणाऱ्या सरावाच्या यंत्रावर तिच्या तोडीचं कुणी नव्हतं. काडी त्याच यंत्रावर कायम शेवटून पहिली.

सरांची निवडायची रीत ठरलेली होती. दोन नावांची शर्यत लावायची. मग पाण्यातच नावा शेजारी आणून त्या दोघी मुलींची अदलाबदल करायची आणि पुन्हा शर्यत. बाकी सगळं तेच. म्हणजे जिच्या येण्याने नाव पळाली, तिची जागा पक्की. यात वशिला चालत नाही की रुसवेफुगवे चालत नाहीत.

काडी बसली ती नाव पुढे गेली. अदलाबदल केली, तरी काडीचीच नाव पुढे. दुसऱ्या दिवशी सरांनी वल्हीसुद्धा बदलून पाहिली. निकाल काही बदलला नाही.

त्यांनी काडीचं नाव जाहीर केलं. लेकीने मान हलवली आणि ती आपलं वल्हं धुवायला निघून गेली. सरांना वाईट वाटलं, नाही असं नाही. पण खरं सांगायचं तर त्याहून मोठं होतं ते कुतूहल. या पोरीत असं आहे तरी काय?

ते काही त्यांना स्वस्थ बसू देईना. शेवटी त्यांनी दोघांची छोटी नाव काढली, काडीला बसवलं आणि तिच्या मागच्या जागेवर ढेरी सावरत स्वतः बसले. वल्हवणारे जिकडे जायचं तिकडे पाठ करून बसतात, त्यामुळे मागच्याला समोर दिसते ती फक्त दुसऱ्याची पाठ. सर त्या पाठीकडे बघत वल्हवू लागले. बरंच अंतर गेल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की आपल्याला दम कसा तो लागलेला नाही!

वल्हं ओढून झालं, की बाकीच्या मुली पुढच्या ओढीसाठी चाकांच्या बैठकीवरून झटकन सरकत, आणि त्या हिसक्याने नाव अडखळे. काडी सावकाश सरकत होती. तेवढ्या वेळात नाव आपली आपण पुढे जात राही.

“हे कुणी शिकवलं तुला?”

“कुणी नाही, सर. मला जोर जमत नाही ना. मग ती पळतेय तोवर तिला पळू देते.”

सर घरी आले ते हरखूनच. हातही न धुता जेवणाच्या टेबलाशी सुरू झाले. पोळीची नाव आणि चमच्याचं वल्हं करून त्यांनी काडीचं सरकणं बायकोला दाखवलं, पुन्हा दाखवलं. बायको डोळ्यांनी खुणावत होती, लेकीकडे बघा म्हणून. त्यांना कुठलं दिसायला!

“बाबा,” लेक म्हणाली, “ती का जिंकते ते बघायला तुम्ही तिच्या मागे बसलात. मी का हरते ते बघायला कधी बसलात?”

चमचा जागच्या जागी थांबला.

“नाही,” सर म्हणाले. “पोरीला झुकतं माप दिलं म्हणाले असते लोक. म्हणून मी तुझ्याकडे फारसं बघतच नव्हतो. मुद्दामच.”

“कुणी काही म्हणालं नाही, बाबा. आणि माझ्या वाट्याला काही आलंही नाही.” ती ताट उचलून आत गेली.

चौथी जागा काडीचीच राहणार होती, ते दोघांनाही ठाऊक होतं. तरीही दुसऱ्या दिवशी पहाटे सरांनी छोटी नाव पुन्हा पाण्यात सोडली आणि लेकीच्या मागे बसले. ओढ ताकदीची होती, पाठ ताठ, सरकणंही बरं होतं. मग नाव दर ओढीला अशी का कलते?

आणि मग त्यांना दिसलं. ओढ संपली, की तिची हनुवटी किंचित डावीकडे वळत होती, आणि नावही तिकडेच कलत होती. डाव्या हाताला काठावरची पायवाट होती. रोज सकाळी सर त्याच वाटेने नावांबरोबर सायकल हाकत जायचे, बाकी सगळ्यांकडे बघत. आज वाट मोकळी होती, तरी हनुवटी वळतच होती.

सरांचं वल्हं थांबलं.

“काठावर कुणी नाही गं,” ते म्हणाले. “मी तुझ्या मागे बसलोय.”