गावफेरीची गाडी कोणी थांबवली

नामा भावोजींनी आजही चहा अर्धाच घेतला आणि निघून गेले. बारा दिवस हेच चाललंय. त्यांना काय सलतंय ते मला ठाऊक आहे, मला काय सलतंय ते त्यांना. बोलायचं कोणी, एवढाच प्रश्न. मी जपाला बसले तर मणी पुढे सरकतात, नाम जागेवरच राहतं. शेवटी माळ ठेवली आणि वही ओढली. रोज लिहिते मी, पण बहुतेक पानांवर उपास, पाहुणे आणि कोणाचं काय दुखतंय एवढंच असतं. आज भावोजींचं लिहिते.

भावोजी म्हणजे आमच्या ह्यांचे धाकटे भाऊ. लग्न केलं नाही. मी या घरात आले तेव्हा त्यांना फखरुद्दीन शेठांच्या कारखान्यात लूमवर, कापडाच्या मागावर, लागून दोन वर्षं झाली होती. पुढे तिथेच मिस्त्री झाले. चोवीस लूम एकदम धडधडत असताना कुठल्या लूमचा धोटा अडखळतोय ते बाहेर रस्त्यावरून सांगायचे. घरात मी शिवणयंत्र चालवलं तरी मोरीतून ओरडायचे, "वहिनी, तेल मागतंय ते." माणसांशी मात्र बोलणं बेताचंच. चार माणसं जमली की हे गच्चीवर.

तीन वर्षांपूर्वी शेठांनी लूम भंगारात काढले. भंगारवाला यायच्या आदल्या दिवशी म्हणाले, "नामा, तुला हवं ते उचल." भावोजींनी दोन मोटरी, दातेरी चाकं आणि लाकडी दांड्यांची एक गोणी आणून जिन्याखाली ठेवली. झाडझूड काढली की मी त्या गोणीकडे बघायचे आणि ते म्हणायचे, "असू दे, वहिनी. ती काय जेवाय मागत न्हाय." वर्षभर ती गोणी आणि ते, दोघंही तसेच पडून होते.

मग वडपे गावच्या भूपेशने बोलावलं. भूपेश आमच्या नात्यातला. हायवेलगतच्या त्यांच्या शेतांवर आता गोडाऊनं उभी आहेत. त्यातलं एक रिकामं पडलं, तेव्हा त्याने तिथे खेळांचा पार्क केला. एका बाजूला बाहेरून आणलेली 'वावटळ'. माणसांच्या छातीवर लोखंडी बार लावते, वर नेते, उलटं करते, गरगर फिरवते आणि दीड मिनिटात खाली सोडते. उरलेल्या जागेत लहान मुलांसाठी काहीतरी करा, असं त्याने भावोजींना सांगितलं.

भावोजींनी केली ती गावफेरी. काळ्या पडद्यांचा वळणावळणाचा अंधारा रस्ता, त्यात रुळांवर सात गाड्या, एकेकीत दोन माणसं. कडेवर पोर घेतलेली बाई जशी चालेल तशी गाडी चालते. पुढे गेलं की एकेक दिवा लागतो. खाडीकाठची मिठागरं. जाळं फेकणारा. खळ्यावर भात झोडणाऱ्या बाया आणि माना हलवणारे थर्मोकोलचे बैल. लग्नाच्या मांडवात धवले गाणारी धवलारीण. शेवटी पालखीतली गावदेवी. सगळी चित्रं लूमच्याच भागांवर हलतात. जाळं फेकणाऱ्याच्या हाताला जो झटका आहे, तो धोटा मारणाऱ्या दांडीचा. जे आत दिसतं ते सगळं पूर्वी इथल्याच जमिनीवर होतं, पण तसं भावोजींनी पाटीवर लिहिलं नाही, कोणाला सांगितलंही नाही.

वावटळीवर एजाज असतो. तोही शेठांच्याच कारखान्यात विणायला होता. दोघांचं दिवसभर चालायचं.

"नामाभाई, आपकी गाडी में तो नींद आती है."

"झोप तरी येते. तुझ्या गाडीत उलटी येते."

पण रांग वावटळीलाच. मी दोन्हींत बसले आहे. वावटळीत देवाचं नाव घ्यायला तोंड उघडलं ते नुसतं उघडंच राहिलं. उतरले तेव्हा मात्र डोकं कसं रिकामं, हलकं. माणसं त्याचसाठी जात असणार. गावफेरीत डोक्यातलं सगळं शेजारी येऊन बसतं. मुलं तर दुसऱ्या वळणावर विचारायची, "संपलं का?" श्रावण सरला तोवर सातातल्या दोन गाड्या जेमतेम भरायच्या. भूपेश म्हणाला, नवरात्रापर्यंत बघतो, नाहीतर तिथे दुसरी वावटळ आणतो. मी गावदेवीला नवस बोलले: गावफेरीला नवरात्र बघू दे, तुझी ओटी भरते.

नवरात्र आलं, गाड्या चालू होत्या. पण देवीचं देऊळ हायवेच्या पलीकडे. दोन रिक्षा बदला, मग उन्हातून चाला, आणि माझे गुडघे हे असे. मनात आलं, पालखीतला मुखवटा भावोजींनी देवळातल्या देवीवरूनच तर घडवलाय. तिथेच भरली तर काय बिघडलं. शुक्रवारी पिशवीत खण, नारळ, तांदूळ घेतले आणि शेजारच्या सुरैयाला बरोबर घेऊन गेले. कशाला चाललेय ते तिला सांगितलं नाही.

गावफेरीच्या गाडीला दार नाही की बार नाही. भूपेशने बार लावायला सांगितले होते. भावोजी म्हणाले होते, "चालीच्या वेगाची गाडी. तिला बेड्या कशाला?" पालखीशी आलो तशी मी उठले आणि उतरले. सुरैया गाडीतून पुढे गेली. वळणापलीकडून तिचा आवाज येत राहिला, "अगं विनिता, उतरली कुठं तू? या अल्लाह, अंधारात उतरली ही." मी वाकून ओटी भरत होते. मागची गाडी येत असेल, हे मला सुचलंच नाही. चाकांचा आवाज जवळ आला तशी दचकून पालखीमागे सरकले. भावोजी बाहेर केबिनमध्ये बसून छोट्या पडद्यावर आतलं बघत असतात. त्यांनी लाल बटण दाबलं. सातही गाड्या एका साखळीवर आहेत, सातही जागच्या जागी थांबल्या. मागच्या गाडीचं नाक माझ्या पदरापासून दोन हातांवर होतं.

त्या गाडीतली एक मुलगी मोबाईलवर शूटिंग करत होती. तिच्या शूटिंगमध्ये मी कुठेच नाही. गाडी चाललीय, पालखी येते, गाडी आपसूक थांबते आणि देवीपुढे ताजी ओटी. संध्याकाळपर्यंत ते फोनाफोनांवर फिरलं: वडप्याच्या देवीने गाडी थांबवली. मला स्वतःला तिघींनी पाठवलं, खाली हात जोडलेले.

शनिवारी रांग गेटबाहेर गेली, रविवारी सर्व्हिस रोडला लागली. लोक चपला बाहेर काढून गाडीत बसू लागले. एजाज स्टुलावर रिकामा बसू लागला. भूपेशने भावोजींना सांगितलं, आता रोज प्रत्येक गाडी देवीपुढे अर्धा मिनिट थांबली पाहिजे. भावोजींनी टायमर बसवला. पालखीशेजारी दानपेटी आली.

मला हे सुरैयाने सांगितलं. "तुझ्या दिराच्या गाडीचं मोठं नाव झालंय. थांबते बोलतात, बरोब्बर थांबते. तू सांगितलंस का कोणाला, ती पहिल्यांदा का थांबली ते?"

"नाही."

"मी पण नाही. तुमच्या देवाची गोष्ट, मी कशाला तोंड घालू? पण तू तर सांग. तुझीच आहे ना देवी."

त्या दुपारी भावोजींना जेवताना विचारलं, "टायमर तुम्ही बसवलात?"

"मीच. दुसरा कोन बसवनार?"

"आणि लोक हात जोडतात तेव्हा?"

"तवा मी पडद्याकडं बगत न्हाय." भाताचं ढेकूळ बोटांनी फोडत राहिले. "वहिनी, सातही गाड्या भरतात. एक गाडी देवीपुढं थांबली की मागच्या सगल्या थांबतात. मग कोन बैलांपुढं अडकतो, कोन धवलारनीपुढं. अडकला की बगतो. काल एक म्हातारा खळ्यापुढं रडत व्हता."

"मग मी सांगू की नको?"

"तुमचं तुमी बगा. मना इचारू नका."

म्हणजे सांगू नका, असं नाही. सांगा, असंही नाही. तेव्हापासून मी घरभर फिरते आहे. दूध उतू जातं, एकादशी कधी ते विसरते, देवापुढे दिवा लावून उभी राहिले की बघवत नाही. सांगितलं तर गावफेरी जाते, आणि लूम गेल्यावर हा माणूस कसा झाला होता ते मी बघितलंय. न सांगितलं तर देवीच्या नावावर दर अर्ध्या मिनिटाला खोटं चालतं, आणि ते निघालं माझ्या पिशवीतून.

काल भूपेशकडे जाऊन खरं ते सांगितलं. तो हसला. "काकी, तुम्हाला उतरवलं कोणी? देवीनेच ना? मग गाडीही तिनेच थांबवली." उत्तर मला घरी येताना रिक्षात सुचलं. मला देवीने उतरवलं नव्हतं. मला दोन रिक्षा बदलायचा कंटाळा आला होता.

पुढचं दहा दिवसांनी लिहिते आहे. त्या दिवशी वरची ओळ लिहिली आणि बसवेना. पायात चपला सरकवल्या आणि वडप्याला गेले.

रांगेत बायकाच जास्त होत्या, हातांत गजरे, नारळ. मी पुढे जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "ऐका जरा. शूटिंगमध्ये दिसते ती ओटी मी भरली होती. मी मधेच उतरले होते. मला लागू नये म्हणून माझ्या दिरांनी बटण दाबलं. देवीने काही केलं नाही. आता थांबते ती टायमरने."

पडघ्याकडची एक म्हातारी पुढे सरकली. "बाय, तुजी ओटी तू भरलीस ना? मग माजी मना भरू दे. रांगेत मदी घुसायचा हाय तर सरल सांग."

लोक हसले. मागून एक म्हणाली, "वावटळवाल्यांनी पाठवली असेल." एजाज स्टुलावरून म्हणाला, "हमने नहीं भेजा, हम तो खुद खाली बैठे हैं." पुन्हा हसले. मी पुन्हा सांगायला गेले तर माझा आवाज चिरका झाला. कोणाला पटेना. खरं सांगूनही खोटं तसंच चालू राहणार, हे तर मी धरलंच नव्हतं.

तेव्हा केबिनचं दार उघडलं. चार माणसांत तोंड न उघडणारे आमचे भावोजी रांगेपुढे येऊन उभे राहिले, हात पाठीमागे बांधून.

"वहिनी बोलते ता खरा हाय. बटन मी दाबला. टायमर मी लावला. आता काढतो."

आणि आत जाऊन त्यांनी तो काढला. त्यानंतरच्या गाड्या देवीपुढून न थांबता गेल्या. ती म्हातारी फेरी मारून बाहेर आली आणि केबिनच्या काचेवर टकटक करून म्हणाली, "मेल्या, वाईच थांबवली असतीस तर काय गेला असता तुजा?"

"आजी, परत बसा. हलूच तर जाते ती."

ती बसली नाही.

भूपेश संध्याकाळी आला. ओरडला नाही. "नामाकाका, सोमवारी ही बाजू खाली करतोय. तुम्ही वावटळीवर या एजाजबरोबर." भावोजी म्हणाले, "बगतो." माझ्याशी तो बोलला नाही. शनिवारपर्यंत गर्दी ओसरली. रविवारी पाच गाड्या रिकाम्या फिरत होत्या.

सोमवारी मी डबा घेऊन गेले. गॅसकटरवाले नळ्या जोडत होते. भावोजींनी देवीचा मुखवटा आधीच उतरवून माझ्या हातात दिला. ओटी भरलेली, ती भंगारात जाता कामा नये. भूपेश आला, जरा घुटमळला आणि म्हणाला, "एकदा चालवा. मी बसलोच नाही कधी." एवढ्या महिन्यांत खरंच बसला नव्हता. भावोजींनी खटका दाबला. मी बाहेर उभी. आतून लूमच्या दांडीचा आवाज येत होता, खट्, खट्, मधे बराच वेळ जाऊन पुन्हा खट्.

भूपेश बाहेर आला. "बैल चांगले जमलेत." मग म्हणाला, "ते खळं आमचं का?"

"तुजाच. आता तू उबा हायेस तिथंच व्हता."

भूपेशने खाली फरशीकडे बघितलं. मला वाटलं, आता हा कटरवाल्यांना परत पाठवणार. त्याने मान वर केली आणि त्यांना हात करून सांगितलं, "करा सुरू." कुठे कापायचं ते भावोजींनीच दाखवलं, नाहीतर त्यांनी चाकं चिरली असती.

मी केलं ते बरोबर केलं. हे मी दिवसातून दहा वेळा स्वतःला सांगते, आणि बरोबर असलेली गोष्ट इतक्या वेळा का सांगावी लागते ते कळत नाही. मुखवटा घेऊन देवळात जाऊन आले, दोन रिक्षा बदलून. तरीही जपाला बसलं की कान जिन्यावरच्या भावोजींच्या पावलांकडे असतात.

भावोजींनी वावटळ घेतली नाही. वडप्यातच एका मोठ्या गोडाऊनमध्ये सामान पुढे नेणारा पट्टा दुरुस्त करायचं काम मिळालंय, दिवसाची ड्युटी. आज ते बूट घालत होते तेव्हा न राहवून विचारलं, "कसं आहे हो तिथे?"

"बरा हाय. पट्टा फिरतो, खोकी बसून जातात." नाडी बांधली, उठले, दाराबाहेर पडता पडता म्हणाले, "मदीच कोन उतरत न्हाय."

हसले की काय, ते मला दिसलं नाही. पाठमोरे होते.