बाहुलीवर हक्क कुणाचा

मी पत्रकांवर वाढले. बाबा अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं काढायचे, आई त्यांच्या घड्या घालायची आणि मी उरलेल्या गठ्ठ्यांवर बसून वाचायला शिकले. त्यामुळे न्यूझीलंडमधल्या टाकानिनीत दादा-वहिनींच्या नव्या घरी टीव्हीशेजारी ती बाहुली दिसली, तेव्हा मी आधी तिची माहिती काढली आणि मग जेवताना सगळ्यांना ऐकवली.

वहिनी नर्स आहे. तिच्या वॉर्डातली एक मैत्रीण दक्षिण आफ्रिकेतली, एन्डेबेले समाजातली. ती गावी गेली होती तेव्हा तिनं ही बाहुली आणली. शंकूसारखं अंग, त्यावर रंगीत मण्यांची जाड कडी. हात नाहीत, पाय नाहीत, चेहरा मात्र ठाम.

"ही नव्या नवरीला देतात, मूल व्हावं म्हणून," मी म्हणाले. "म्हणजे बाईचं काम काय, ते मण्यांत ओवून ठेवलंय! तिसरं मूल झालं की मगच बाहुली घराबाहेर."

पुण्याहून राहायला आलेल्या आईनं माझ्या निषेधातलं 'मूल' तेवढं उचललं. सकाळी बाहुलीच्या कपाळी हळदकुंकू होतं. पुढ्यात नारळ, तांदूळ, आणि खण मिळाला नाही म्हणून किवीचं चित्र असलेला टी-टॉवेल.

"आई, तू? अगं, तू पत्रकं वाटलीस!"

"वाटली ना. पण तुम्ही दोघं काही पत्रकांनी झाला नाहीत."

वहिनी हसली नाही. गॅरेजमध्ये कपडे वाळत घालताना ती मला म्हणाली, "मूल कधी, ते आम्ही दोघं बघू. ड्यूटीवरून आल्यावर कुणी माझ्या पोटाकडे बघायला नको, एवढंच हवंय मला."

मी त्याच दिवशी पत्रक लिहून फ्रिजवर लावलं. आईनं त्याच्या पाठीवर भाजीची यादी केली.

शनिवारी ती मैत्रीण चहाला आली. "किया ओरा, आंटी," असा इथला माओरी नमस्कार करत आत शिरली आणि कुंकू लावलेली बाहुली बघून खो खो हसायला लागली. आईनं माझ्यामार्फत विचारलं, गुण यायला किती दिवस लागतात?

"आंटी, ही दुकानातली! रंग आवडले म्हणून घेतली. खरी बाहुली नवरीच्या आईची आई करते, गुपचूप. सासूचा यात काय संबंध?"

इतक्या तळमळीनं मी आजवर कशाचंच भाषांतर केलेलं नाही.

आईला ते पटलं. पद्धत ती पद्धत. तिनं नारळ उचलला आणि संध्याकाळी त्याची चटणी केली. वहिनीकडे तिनं पाहिलं, पण चेहऱ्याकडे. वहिनी कितीतरी दिवसांनी सोफ्यावर पाय पसरून बसली. रूढीला रूढीनं हरवणं तत्त्वात बसत नाही, हे सांगायला मी तोंड उघडलं.

"गप्प बस हं," वहिनी म्हणाली.

तेवढ्यात आईची नजर माझ्यावर स्थिरावली. "म्हणजे हिची बाहुली माझ्या आईनं करायची."

"माझं लग्नसुद्धा ठरलेलं नाही!"

"मणी ओवायला वेळ लागतोच की."

साताऱ्याच्या आजीचा मण्यांच्या तोरणांत हात बसलेला आहे. काल तिनं व्हिडिओवर विचारलं, रंग कुठला हवा? मी तत्त्वांपासून सुरुवात केली. मागून सोफ्यावरून वहिनी ओरडली, "लाल चालेल, आजी! आणि घट्ट ओवा, तिसऱ्यापर्यंत टिकायला हवी!"