सही त्यांची, रेघा कुणाच्या?

कुवेतच्या शर्क भागातल्या आमच्या ऑफिसकडे एका जुन्या पाचमजली इमारतीच्या दुरुस्तीचं काम आलं. मालकांना इमारतीवर छोटी पुस्तिका छापायची होती आणि तिच्यात मूळ जर्मन आर्किटेक्टचं चरित्र हवं होतं. साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्हीच लिहा. जुन्या फायलीत सगळं आहे."

फायलीत खरंच होतं. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा ते नऊ-दहा वर्षांचे. गाव बाँबने सपाट झालेलं. आईबरोबर ढिगाऱ्यातल्या विटा वेचायच्या, हातोडीने त्यांचा चुना झाडायचा, पुन्हा वापरायला रचून ठेवायच्या. मग गवंड्याच्या हाताखाली उमेदवारी, मग कॉलेज, स्वतःचं ऑफिस, गावोगावच्या शाळा, एक हॉस्पिटल आणि शेवटी कुवेतमधली ही इमारत. मी मूळची सांगलीची, नकाशे काढण्यात वीस वर्षं घालवलेली. ती दोन पानं मी फार हौसेने लिहिली.

मालकांच्या निमंत्रणावरून ते मार्चमध्ये आले. नव्वदीला टेकलेले, उंच, मुलीचा हात धरून. मी माझी पानं इंग्रजीत वाचून दाखवली. ते डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "शेवटचं खोडा. ही इमारत माझी नाही."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मी मूळ नकाशा पुढे पसरला. "सर, ही सही तुमचीच ना?"

"सही माझी. रेघा माझ्या नाहीत. माझ्या बायकोच्या आहेत."

बायकोही आर्किटेक्ट होती, वारून बरीच वर्षं झाली होती, हे मला तेव्हाच कळलं. फायलीत तिच्याबद्दल एक ओळ नव्हती.

"मग शाळा?" मी विचारलं.

"निम्म्या तिच्या असतील."

"आणि हॉस्पिटल?"

"आठवत नाही. आम्ही एकाच टेबलावर बसायचो. एक उठला की दुसरा तोच कागद पुढे न्यायचा."

खाली टॅक्सीची वाट पाहताना मुलगी मला बाजूला घेऊन म्हणाली, "ऐकू नका त्यांचं. आई फक्त बाबांच्या पेन्सिलीच्या रेघांवर शाई फिरवायची, असं ती स्वतः सांगायची. ती गेल्यापासून बाबा एकेक इमारत तिच्या नावावर करत सुटलेत."

आता कुणाचं खरं धरायचं?

पुढचे दोन दिवस मी दुरुस्तीचं काम बाजूला ठेवून जुने कागद उलगडत बसले. त्यांवर खरोखर दोन हातांची अक्षरं होती. एक अक्षर सरळ उभं, दुसरं उजवीकडे कललेलं. मला वाटलं, सापडलं. पण एका जिन्याच्या पायऱ्यांची मापं उभ्या अक्षरात होती आणि त्याच जिन्याच्या कठड्याची कललेल्या. एका खिडकीचं माप कललेल्या अक्षराने लिहिलेलं, उभ्याने खोडलेलं आणि कललेल्याने पुन्हा तेच लिहिलेलं. कुठलं अक्षर कुणाचं, हे कोण सांगणार? म्हाताऱ्यांना विचारलं असतं, तर त्यांनी दोन्ही तिचीच म्हटली असती.

घरी फरवानियात जेवताना नवऱ्याला सांगितलं. तो बँकेतला माणूस. म्हणाला, "सही ज्याची, काम त्याचं. त्यात एवढं काय?"

"अरे, पण ज्याची सही आहे तोच नाही म्हणतोय!"

"मग दोघांचं लिही."

तसं लिहिलं. साहेबांना पटलं नाही. मालकांना एकच नाव हवं होतं. त्याच सकाळी म्हाताऱ्यांकडे दिलेली माझी पहिली पानं हॉटेलातून परत आली. त्यांनी स्वतःचं नाव खोडून वर बायकोचं लिहिलं होतं, अक्षर ना उभं ना कललेलं. दुपारी मुलीचा मेल आला: कृपया पूर्वीचाच मजकूर ठेवावा.

मी ती पानं आणि मेल, दोन्ही कागद साहेबांच्या टेबलावर ठेवले आणि सांगितलं, "मला ठरवता येत नाही." वीस वर्षांत साहेबांना मी असं पहिल्यांदाच म्हणत होते. त्यांनी ते तसेच मालकांकडे पाठवले.

पुस्तिका निघाली ती कुणाच्याच नावाशिवाय. गुळगुळीत कागद, इमारतीचे सहा फोटो, खाली मालकांचा संदेश. माझी पानं गेलीच. मला राग यायला हवा होता, पण आधी सुटल्यासारखं वाटलं आणि मग त्याचीच लाज वाटली.

एक प्रत मी जर्मनीला पाठवली. पाकिटावर कुणाचं नाव घालायचं, यावर पोस्टाच्या खिडकीशी थोडा वेळ अडले, आणि मुलीचं घातलं.