वाटेच्या दाव्याची नक्कल

चौलला आत्याच्या घरी जायला एकच वाट आहे. डांबरी रस्त्यावरून आत वळलं की दोन्ही बाजूंना दुसऱ्यांच्या नारळ-सुपारीच्या वाड्या लागतात आणि त्यांच्या मधून जांभ्या दगडाची वाट थेट आत्याच्या अंगणात येते. अंगण ओलांडून ती पुढे समुद्राकडे उतरते. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. ती एकटी राहते आणि शनिवार-रविवारी येणाऱ्या पाहुण्यांना घरगुती जेवण देते. पाहुण्यांच्या गाड्या, गॅसचा सिलिंडर, नारळ न्यायला येणारा टेम्पो, सगळं या वाटेनंच येतं.

समुद्राकडच्या बाजूला आत्या या वाटेवर एक बांबू आडवा लावायची. कोळीवाड्यातल्या बायका एसटी गाठायला तिथून मधे घुसतात, ते तिला खपायचं नाही. "आमची वाट हाय ही. कोर्टानं दिलेली," असं ती पडवीतून ओरडायची. बायका बांबू कोपरानं वर करायच्या, डोक्यावरची टोपली सांभाळत खालून निघायच्या आणि जाता जाता सांगायच्या, "आत्ये, कोर्टाला सांग, आमी गेलो."

गेल्या वर्षी रस्त्यालगतची, वाटेच्या दोन्ही अंगांना पसरलेली वाडी विकली गेली. नव्या मालकांना तिथे बंगला बांधायचा होता. एका सकाळी त्यांच्या माणसांनी वाटेच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना सिमेंटचे खांब रोवले. मधे फाटक बसणार होतं आणि त्याची किल्ली बंगल्यात राहणार होती. टेम्पो तर तेव्हापासूनच आत येईना. मी मालकांना फोन केला. ते अगदी सभ्यपणे बोलले. "तुमच्या आत्या म्हणतात कोर्टानं वाट दिलीय. मला कागद दाखवा, मी खांब काढतो. नसेल कागद, तर दिवाळीपर्यंत कंपाउंड पूर्ण करणार."

कागद नव्हता. कधीकाळी एका ट्रंकेत होता, तिला वाळवी लागली. आमच्याकडे होतं ते फक्त घरातलं वाक्य: आजोबांनी वाटेचा दावा लावला आणि जिंकला. वर्ष नाही, नंबर नाही. बाबांना रजा मिळत नव्हती. मी घरून काम करते, म्हणजे मला वेळच वेळ असतो असं आमच्या घरात सगळे मानतात. त्यामुळे ते काम माझ्याकडे आलं आणि मी लॅपटॉप घेऊन आत्याकडे राहायला आले.

मी इंग्रजी शाळेत शिकले. घरी मराठीच बोलतो, पण सरकारी खिडकीसमोर माझी मराठी घट्ट होते आणि समोरचा माणूस हमखास विचारतो, "कॉन्व्हेंटच्या का तुम्ही?" म्हणून कुठेही तोंड उघडण्याआधी जेवढं वाचता येईल तेवढं मी वाचून घेते. कोर्टाच्या वेबसाइटवर जिल्हा, न्यायालय आणि वर्ष निवडून पक्षकाराच्या नावानं शोध घेता येतो. आजोबांचं नाव मी आधी आडनाव, मग नाव, मग नुसतं वडिलांचं नाव असं उलटसुलट घालून पाहिलं. काहीच आलं नाही. मग तिथली सर्वांत जुनी प्रकरणं कोणत्या काळातली आहेत ते पाहिलं. ती आजोबांच्या कितीतरी नंतरची होती. म्हणजे शोध चुकला नव्हता, जागा चुकली होती. एवढा जुना निकाल कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्येच मिळणार होता.

अलिबागच्या कोर्टात गेले त्या पहिल्या दिवशी मी कोणाशीच बोलले नाही. नक्कल विभागासमोरच्या बाकावर बसून फलकावरच्या सगळ्या सूचना वाचल्या आणि खिडकीशी येणाऱ्या माणसांकडे पाहत राहिले. कोण लगेच पुढे सरकतं आणि कोणाला परत पाठवतात, हे तासाभरात कळतं. दाव्याचा नंबर आणि वर्ष सांगणाऱ्याला अर्ज मिळतो. "आमची एक जुनी केस होती," अशी सुरुवात करणाऱ्याला बाजूला थांबायला सांगतात. कोर्ट फीचं तिकीट न लावलेला अर्ज परत येतो. नुसतं "सगळे कागद द्या" असं लिहिलेलाही परत येतो, कारण कोणता कागद हवा ते लिहावं लागतं. मी सगळं फोनमध्ये टिपून घेतलं. एका वकिलांनी जाता जाता विचारलं, "ताई, कोणाची वाट बघताय?" मी म्हटलं, "कोणाची नाही, बसलेय." त्यांना ते विचित्र वाटलं असावं.

नंबर नसेल तर आधी जुन्या नोंदवह्यांत शोध घेण्याचा अर्ज करावा लागतो आणि त्यासाठी निदान अंदाजे वर्ष लागतं. संध्याकाळी मी आत्याला विचारलं, "दावा संपला तेव्हा तू केवढी होतीस?"

"वर्ष कसं गो लक्षात राहील?"

"वर्ष नको. घरात तेव्हा काय चाललेलं ते सांग."

ती खोबरं किसत होती. "निकाल लागला तवा पेढे वाटले. तुझा बाप पाळण्यात व्हता. त्याच्या तोंडात पेढा घातला म्हणून आईनं मला फटका दिला."

बाबांचा शाळेचा दाखला माझ्याकडे होताच. त्यावरून निकालाचं वर्ष मिळालं. दावे बरीच वर्षं चालतात म्हणून मी त्याच्या मागची काही वर्षंही अर्जात लिहिली.

ठरलेल्या दिवशी मी परत खिडकीशी गेले. कारकुनांनी वही पाहून सांगितलं, "या नावाचा वादी नाही."

"प्रतिवादी म्हणून?"

"तेही पाहिलं. नाही. दावा नक्की यांनीच लावला होता का?"

"घरात तसं म्हणतात."

"घरात बरंच म्हणतात," ते म्हणाले आणि पुढच्या माणसाचा अर्ज घेतला. त्यांचं बरोबर होतं. मीही घरातलं वाक्य पुरावा धरून चालले होते.

त्याच आठवड्यात गावदेवीची पालखी होती. पालखी दरवर्षी देवळातून निघते, आमच्या वाटेनं अंगणात येते आणि पुढे देवीला समुद्रस्नानाला नेतात. लहानपणापासून मी हे पाहत आलेय. त्या दिवशी आत्या स्वतः बांबू काढते, अंगण सारवते, भोयांच्या पायांवर पाणी घालते. दुसऱ्या दिवशी बांबू पुन्हा जागेवर.

या वेळी पालखी खांबांशी येऊन अडली. भोई चौघे, त्यांच्या दोन्ही अंगांना खांदा बदलायला आणखी माणसं, आणि खांबांमधली जागा एका गाडीपुरती. पालखी जमिनीवर टेकवायची नसते, त्यामुळे ती खांद्यांवरच मागेपुढे होत राहिली. शेवटी दोन्ही बाजूंच्या माणसांना मागे ठेवून भोयांनी ती कशीबशी आत काढली. एक म्हातारे मानकरी खांबावर काठी आपटत म्हणाले, "देवीच्या वाटेत खांब कोन रोवतो रे?"

मी अंगणात आरतीचं ताट घेऊन उभी होते. गावात सगळे तिला देवीची वाट म्हणतात. आमची वाट फक्त आम्ही म्हणतो. इतकी रुंद वाट एका घरासाठी कोणी कधी ठेवली असती? तिची रुंदी पालखीची होती. मग दावा लावायची गरज सर्वांत जास्त कोणाला होती, हे विचारायलाही नको होतं. वकिलांच्या संकेतस्थळांवर मी मागेच वाचलं होतं की आपल्याकडे देवाच्या नावानं दावा लावता येतो. तेव्हा गंमत वाटून सोडून दिलं होतं.

सोमवारी मी पुन्हा खिडकीशी उभी राहिले. या वेळी माझा आवाज मला स्वतःला ऐकू येईल इतका मोठा होता.

"वादीचं नाव बदलून शोध हवाय."

"काय नाव?"

"गावदेवी."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "हयात आहेत?"

"हो," मी म्हटलं. "गेल्याच आठवड्यात घरी येऊन गेल्या."

ते हसले नाहीत, पण शेजारच्या टेबलावरच्या बाई हसल्या. वही निघाली. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवून ती माझ्याकडे फिरवली. वादी गावदेवी, तर्फे पंच. खाली पाच नावं होती आणि त्यांत तिसरं आजोबांचं. दावा त्यांचा नव्हता. ते देवळाच्या पंचांपैकी एक होते आणि घरी येऊन त्यांनी पेढे वाटले होते, एवढंच.

नंबर मिळाल्यावर पुढचं काम सरळ होतं. दाव्याचा नंबर, वर्ष, दोन्ही पक्षांची नावं, मी कोण आणि नक्कल कशासाठी हवी, हे सगळं मी अर्जात लिहिलं. कागदांच्या रकान्यात 'निकालपत्र आणि हुकूमनामा' एवढंच. साक्षी आणि इतर कागद नियमाप्रमाणे काही वर्षांनी नष्ट करतात. हे दोन जपून ठेवतात. पंचाची मुलगी म्हणून सही आत्याची होती, माझ्याकडे तिचं अधिकारपत्र आणि दोघींची ओळखपत्रं होती. कोर्ट फीचं तिकीट लावलेलं होतं. कारकुनांनी अर्ज वरून खाली वाचला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला आणि शिक्का मारला. परत पाठवण्यासारखं त्यांना काही सापडलं नाही. कॉलेजच्या कोणत्याही निकालानं मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

नक्कल तयार झाल्यावर प्रत्येक पानावर शिक्का आणि शेवटी सही आहे ना, हे खिडकीशीच पाहून घेतलं. मग एसटी स्टँडवर बसून वाचायला काढली. निकालपत्र इंग्रजीत होतं. पालखी नेण्यासाठी आणि रोजच्या येण्याजाण्यासाठी रस्त्यापासून समुद्रापर्यंतची वाट साऱ्या गावाला खुली राहील, असं कोर्टानं म्हटलं होतं. दगडी वाटेची रुंदीही दिली होती. आणि पुढे लिहिलं होतं की ही वाट प्रतिवादी वाडीमालक, वादी पंच किंवा त्यांचे वारस यांपैकी कोणीही, कोणत्याही प्रकारे अडवू नये.

चौलवरून जाणारी रेवदंड्याची गाडी मी जाऊ दिली आणि ते वाक्य पुन्हा वाचलं.

आत्याला मी सगळं मराठीत सांगितलं, काहीही न गाळता. ती तांदूळ निवडत होती.

"म्हंजे वाट आमची न्हाय?"

"आपलीही आहे. सगळ्यांची आहे."

"तुला इंग्रजी नीट येतं ना गो?"

"तेवढं एकच नीट येतं, आत्या."

"आणि आमच्या बाबांनी सही केली यावर?"

"दावा लावणाऱ्यांत त्यांचं नाव आहे. त्यांनीच मागितलं होतं हे."

तिनं तांदळातला खडा अंगणात फेकला. "आणि हा कागद त्या बंगलेवाल्याला दाखवला, की तो म्हणंल, आधी तुझा बांबू काढ."

"म्हणेलच."

"मग काय दाखवायचा?"

कागद दाखवला नाही तर दिवाळीला फाटक लागलं असतं आणि पाहुण्यांची जेवणं बंद पडली असती. दाखवला तर इतकी वर्षं जे ओरडून सांगितलं ते मागे घ्यावं लागलं असतं. हे तिला कळत होतं. नक्कल मी फडताळावर ठेवली, खाली पडू नये म्हणून तिच्यावर वाटी ठेवली आणि लॅपटॉप उघडून कामाला बसले.

सकाळी उठून पाहिलं तर बांबू जागेवर नव्हता. आत्यानं तो पडवीच्या कडेला दोन माडांना बांधला होता आणि त्यावर पाहुण्यांचे टॉवेल वाळत घातले होते. "उगाच पडून व्हता," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "लाव फोन त्याला."

मी आधी फोटो पाठवले, मग नकलेची झेरॉक्स मालकांच्या हातात दिली. सही-शिक्क्याची प्रत कोणालाही द्यायची नसते, ती घरातच ठेवायची, हेही मी आता ठामपणे सांगू शकते. त्यांनी ती त्यांच्या वकिलांना दाखवली. दोन दिवसांनी त्यांची माणसं आली, खांब उपटले आणि वाटेच्या कडेला, दगडांच्या बाहेर रोवले. मालक स्वतः आत्याला भेटायला आले. "मग आम्हालाही समुद्रावर जायला हीच वाट चालेल ना?" त्यांनी विचारलं.

"कागदात लिवलंय तसं," आत्या म्हणाली. "जेवायचं असेल तर मात्र आदल्या दिवशी सांगायचं."

खांब हलले त्याच्या दुसऱ्या दिवशी टोपल्या घेतलेल्या बायका समुद्राकडून वर आल्या. पुढच्या बाईनं सवयीनं कोपर वर उचललं आणि ते तसंच हवेत राहिलं.

"आत्ये, बांबू कुठं गेला?"

आत्या पडवीत चहा पीत होती. "कोर्टानं नेला," ती म्हणाली, आणि टोपलीत काय आहे ते विचारलं.