बुधवारची रिकामी फाइल

भोसरीच्या त्या वर्कशॉपमधला तळहाताएवढा संगणक मी मारुंजीच्या भाड्याच्या खोलीतून सांभाळत असे. भट्टीचे तापमान दर दहा सेकंदांनी नखाएवढ्या मेमरी कार्डावर नोंदवणे, एवढेच त्याचे काम. त्या शुक्रवारी सकाळी त्याने तेही नाकारले. कार्ड वाचता येत होते, त्यावर लिहिता येत नव्हते. बुधवारची फाइल जागेवर होती, पण तिचा आकार शून्य होता.

बुधवारीच भट्टीतून पिनांचा मोठा लॉट निघाला होता. दुपारी तीनला ग्राहक कंपनीचा निरीक्षक येणार होता, आणि तापमानाच्या नोंदीवाचून तो लॉट भंगारात जाणार होता. मी भट्टी सांभाळणाऱ्या काकांना फोन लावला. ते चाकणजवळच्या गावचे.

"काका, बुधवारची नोंद सापडत नाही."

"न्हाई म्हंजे? आवं ताई, दिसभर मी भट्टीम्होरं भाजून निघालो. तुमचं यंत्र काय झोपलं व्हतं?"

हे तिसरे कार्ड होते. आधीची दोन मी निकृष्ट ठरवून बदलली होती. दोन कार्डे अगदी एकाच रीतीने बिघडावीत, हे मला तेव्हाच खटकायला हवे होते. आता मी संगणकाच्या जुन्या नोंदी वाचत गेले आणि भीती मागे पडून कुतूहल जागे झाले. तो अर्धवट बंद पडून पुन्हा सुरू झाल्याच्या खुणा फक्त शुक्रवारी सकाळी होत्या. शुक्रवारीच का?

"काका, बुधवारी संध्याकाळी तुम्ही नेमके काय करता?"

"काय करनार? गुरुवारी सुट्टी. भट्टी बंद करायची, मेनला हात जोडायचे आन् खटका खाली. वस्तादानं शिकवलंय, मागं येक बी दिवा जळता ठेवायचा न्हाई."

एरवी भट्टी अखंड चाले, म्हणून मेन कधी पडतच नसे. बुधवारी मात्र लिहिता लिहिता संगणकाचा श्वास तुटत होता आणि कार्डावरची फाइलींची रचना बिघडत होती. अर्धी चूक माझीच. नीटनेटकेपणाच्या हौसेने मी असा प्रोग्राम लिहिला होता, की तो दर वेळी दिवसाची आख्खी फाइल पुसून नव्याने लिहीत असे. या वेळी खटका नेमका पुसणे आणि लिहिणे यांच्या मध्ये पडला होता.

कार्डावर जे वाचता येत होते ते सगळे मी आधी माझ्याकडे उतरवून घेतले. मग फाइलींची रचना तपासून दुरुस्त करण्याची सूचना देऊन संगणक पुन्हा सुरू केला. एव्हाना दोन वाजून गेले होते; तो उठलाच नाही तर तीनच्या आत भोसरी गाठून काही करणे अशक्य होते.

"काका, हिरवा दिवा लागला का?"

"न्हाई. लाल हाय नुसता." जरा वेळाने म्हणाले, "थांबा, थांबा... हिरवा डोळा मारतोय, ताई! लाजत न्हाई बघा."

दुरुस्तीत सापडलेले बेवारस तुकडे संगणक एका वेगळ्या कप्प्यात ठेवतो. त्यांना नाव नसते, नुसता क्रमांक असतो. तिथला एक तुकडा उघडला, तर आत बुधवारचे तापमान. पण नोंद पाच वाजून दहा मिनिटांना तुटली होती.

"लॉट बाहेर कधी काढला?"

"चा यायच्या आधी. चा येतो पाचाला."

चार बावन्नला तापमान झपकन खाली आले होते. भट्टीचे दार उघडल्याची ती खूण. काकांचा चहा आणि माझा आलेख एकमेकांची साक्ष देत होते.

शेवटचा भाग का नाही, हे मी निरीक्षकाला पाठवलेल्या आलेखाखाली स्पष्ट लिहिले. चार वाजता काकांचा फोन आला. "पास झाला, ताई. पर यंत्राला सांगा, म्होरल्या बुधवारी हुशार ऱ्हा."

प्रोग्राम मी त्याच आठवड्यात बदलला. आता तो जुने पुसत नाही, पुढे जोडत जातो. मेनला हात जोडणे बदलायला मी सांगितले नाही. फक्त बुधवारी संध्याकाळी काकांचा संदेश येतो, "पाडू का?" मी संगणक रीतसर बंद करते आणि लिहिते, "पाडा."