गाडीतली डावी सीट

माझी पहिली गाडी निळी होती. लहानशी, आधी कुणीतरी वापरलेली. नवरा शिपार, म्हणजे बोटीवर कामाला होता. वर्षातले बरेच महिने तो समुद्रावरच असायचा. पेडण्याहून शाळेत जायला मला दोन बसगाड्या बदलाव्या लागत, आणि दुसरी नेमकी पावसाळ्यात येत नसे. एकदा सुट्टीवर आलेला असताना त्याने ती गाडी आणून अंगणात उभी केली आणि तो परत शिपार गेला. गाडी चालवायला मी नंतर शिकले. म्हापशाच्या ड्रायव्हिंग स्कूलवाल्याने सगळ्यांसमोर मला सांगितले होते, "बाई, क्लच म्हणजे फुगडी नव्हे, हळू सोडा." तेव्हा मी चाळिशीला आले होते. घरात आणि सासरीमाहेरी गाडी चालवणारी मी पहिलीच बाई.

सुरुवातीची वर्षे गाडीने मला शाळेत नेले आणि परत आणले. तेव्हा ती मला आवडत होती, पण एखादी चांगली छत्री आवडते तेवढीच. जीव जडला तो नंतर, आई आमच्याकडे राहायला आल्यावर.

आई डिचोलीची. वडील खाणीवर टिपर चालवत. ते गेल्यावर ती काही वर्षे एकटी राहिली. मग विसरू लागली. आधी चुलीवरचे भांडे, मग शेजारणीचे नाव, मग वार. एक दिवस ती बाजारात उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला आपल्या घराची वाट विचारत होती. घर तिच्या मागे, हाकेच्या अंतरावर. तिथल्या ओळखीच्या माणसांनी मला फोन केला, आणि मी तिला पेडण्याला घेऊन आले.

दिवसभर तिचे बरे चाले. दारापुढच्या बाल्कांवात बसून राही, पदेराचा भोंगा वाजला की पाव घ्यायला स्वतः उठे. पण ऊन उतरले की तिची तगमग सुरू होई. पदर खोचून, चपला घालून, घरी जायचे म्हणून ती दारात येऊन उभी राही.

"माका घरा वचूंक जाय."

"आई, हेंच घर आपलें."

"हें तुमचें. माका माज्या घरा वचूंक जाय."

समजूत घालून झाली, रागावून झाले. दाराला कडी लावली तर ती कडीशी झगडे आणि बोटे सोलवटून घेई. एका संध्याकाळी मी थकले, आणि गाडीची चावी घेऊन म्हटले, "चल, सोडते."

तिला डाव्या सीटवर बसवले, पट्टा बांधला. रस्ता लागताच ती गप्प झाली. मी धारगळपर्यंत गेले, वळले, दुसऱ्या वाटेने परत आले. अंगणात गाडी थांबताच आई म्हणाली, "पावलीं एकदांची." आणि उतरून, हातपाय धुऊन, देवापुढे दिवा लावायला बसली.

त्यानंतर रोज संध्याकाळी आम्ही दोघी निघत असू. कधी पालयेवरून केरीपर्यंत, कधी मोपाच्या सड्यावर. तिथे विमानतळ होऊन नवे रुंद रस्ते झाले होते. आईला त्यांचे काही नवल नव्हते. ती समोर बघत बसे, हात मांडीवर, केसांत अबोलीची वेणी. वेणी तिला रोज लागे; वडील गेले हेही ती विसरली होती. समोरून कुठलाही ट्रक आला की ती चटकन काच वर करून घेई. "धूळ येता." डिचोलीत सारा जन्म तिने खाणीची तांबडी धूळ खाल्ली होती. खाणी बंद पडून वर्षे झाली, तरी तिच्या हातातली ती सवय गेली नाही. काच वरखाली करून करून शेवटी तिचा दांडा निकामी झाला आणि काच वरच अडकली. मी दुरुस्त केली नाही. काच वर असली की आई निर्धास्त असे.

गाडीत ती मला ओळखत नसे. घरात कधी ओळखे, कधी नाही. गाडीत मात्र मी तिच्यासाठी कायम ड्रायव्हरच होते. पहिल्यांदा तिने विचारले, "तुजें घर खंय गो बाय?" तेव्हा मी गाडीचा वेग कमी केला. मी म्हटले, "हांगाच, पेडण्यां."

"माजी धूवय पेडण्यां दिल्या," ती म्हणाली. धूव म्हणजे मुलगी, म्हणजे मीच. "शाळेंत शिकयता."

मग ती माझ्याविषयी बोलू लागली. लहानपणी मला बस लागायची, म्हणून ती कनवटीला लिंबाची पाने बांधून घ्यायची. मी पहिल्यांदा पगार आणला तेव्हा ती दाराआड जाऊन रडली होती. हे तिने मला आयुष्यात कधी सांगितले नव्हते. आमच्या घरात मुलीचे कौतुक मुलीसमोर करत नसत. आता ती ते एका परक्या ड्रायव्हरला सांगत होती, आणि मी समोर रस्त्याकडे बघत ऐकत होते.

एकदा पार्सेच्या उतारावर ती म्हणाली, "हांव तिका जड जाल्यां. ती थकता. सांगना, पूण माका कळटा."

"ना गो, तशें कांय ना," मी म्हणाले.

"तुका कितें कळटा? तूं गाडी चलय." उतार संपला तेव्हा ती म्हणाली, "तिका सांगूं नाका हां."

मी होय म्हटले. घरी पोचल्यावर तिला उतरवले आणि मी गाडीतच बसून राहिले. आतून तिने दिवा लावून वाजवलेल्या घंटीचा आवाज येईपर्यंत.

आई उन्हाळ्यात गेली. आधी आठवडाभर तिने घरा वचूंक जाय म्हणणेच सोडले होते. तेव्हाच मला कळायला हवे होते असे डॉक्टर नव्हे, शेजारीण म्हणाली. ती गेल्यावर काही दिवस मी संध्याकाळी एकटीच गाडी काढत होते. धारगळपर्यंत जाऊन येत होते. मग तेही राहिले.

नवरा शिप कायमची सोडून घरी आला तेव्हा गाडीचा तळ गंजला होता. चालता चालता बंद पडे, चढावर गुरगुरे. तो शहाणा माणूस आहे, त्याने घाई केली नाही. फक्त म्हणाला, "गाडी आतां थकली. वाटेर बंद पडली जाल्यार तूं कितें करतलें?" मी विकायला होय म्हटले. शाळेत तर जायलाच हवे होते.

गिऱ्हाईक मिळाले ते डिचोलीचे. मूळचा सिंधुदुर्गातला माणूस, खाणीच्या ट्रकवर कामाला आलेला आणि तिथेच राहिलेला. तो यायच्या आदल्या दिवशी मी गाडी झाडून घेतली. डाव्या सीटखाली केरसुणी घातली तर वाळलेल्या अबोलीच्या पाकळ्या निघाल्या, मूठभर. केराबरोबर त्या माडाच्या मुळाशी पडल्या, वाऱ्याने उडाल्या, आणि तेव्हा कुठे मला कळले मी काय झाडून टाकले ते. केरसुणी हातात धरून मी तशीच उभी राहिले.

माणूस भला होता. गाडीभोवती फिरून म्हणाला, "बाई, बरी सांभाळलास तुमी." मग डावे दार उघडले. "ही काच खाली येणा नाय?"

"नाय येणा."

"ऱ्हवांदे. मी करून घेतंय."

त्याने गाडी अंगणातून बाहेर काढली. गियर टाकताना तिचा नेहमीचा आवाज आला आणि ती वळणाआड गेली. आईला जिथे जायचे होते तिथेच गाडी गेली, असे नवरा म्हणाला. मला बरे वाटावे म्हणून म्हणाला, पण मला ते ऐकवले नाही. मी आत गेले.

नवी गाडी गियरची नाही, आवाजाचीही नाही. पहिल्याच दिवशी शाळेची पिशवी डाव्या सीटवर ठेवली तर ती पीक पीक वाजू लागली. तिला वाटले तिथे माणूस बसले आहे आणि त्याने पट्टा बांधलेला नाही. रस्त्याच्या कडेला थांबून मी पिशवी मागे ठेवली. अजूनही मागेच ठेवते.

गेल्या वर्षी डिचोलीला एका नातेवाइकाच्या बाराव्याला गेले होते. परतताना आठवडी बाजाराशी तो माणूस भेटला. त्यानेच मला ओळखले. घर जवळच होते, चहाला चला म्हणून मागे लागला. मला गाडी बघायची होती. मी गेले.

गाडी घराशेजारी फणसाखाली होती. त्याचे ट्रकवरचे काम सुटले होते. आता नवराबायको तिच्यातून भाजी बाजारात नेत. काच त्याने खरेच दुरुस्त केली होती. ती पूर्ण खाली होती आणि आतून भेंडी, दोडके, ओल्या गोणपाटाचा वास येत होता. मी वाकून बघितले. डावी सीट जागेवर नव्हती. तिथे कांद्याची पोती होती.

"मुद्दाम काढलंय," तो म्हणाला. "माल बरो ऱ्हवता."

सीट त्यांच्या ओसरीवर होती, चिऱ्यांवर ठेवलेली. खुर्चीसारखी वापरत असावेत. त्याच्या बायकोने पदराने ती पुसली आणि मला म्हणाली, "बसा मां, बाई."

तिच्या चेहऱ्यावर इतकी आपुलकी होती. मी म्हटले, गाडी चालवून पाय आखडलेत, उभीच बरी. उभ्यानेच चहा घेतला. त्यांनी पिशवीभर भाजी दिली. नको म्हणवले नाही.

घरी आले तेव्हा नवरा बाल्कांवात बसला होता. भाजी बघून त्याने विचारले. मी सांगितले.

"कशी आसा गाडी?"

"चलता. आईची सीट काढल्या."

त्याने पिशवीतले एक दोडके हातात घेतले. मग म्हणाला, "हांव तिच्यावांगडा त्या गाडयेंत एकदांय बसलों ना." ती वर्षे तो समुद्रावर होता; सुट्टीवर आला तरी संध्याकाळी निघायचो आम्ही दोघीच. आईच्या मर्तिकालाही तो पोचू शकला नव्हता. त्याच्या मनात हे होते ते मला ठाऊक नव्हते. मी इतके दिवस तो सगळा काळ माझा एकटीचाच धरून बसले होते.

मी त्याच्या शेजारी बसले. डास यायला लागले तशी आम्ही दोघे उठून आत गेलो, आणि मी दोडके चिरायला घेतले.