आमच्या घरमालकांचं दारापर्यंतचं अंतर

आमच्या घरमालकांइतका विमानप्रवास अख्ख्या नाशिक रोडमध्ये कुणी केला नसेल, आणि तो सगळा त्यांनी दिवाणखान्यातल्या आरामखुर्चीत बसून केला. प्रत्यक्षात ते मनमाडच्या पलीकडे गेलेले नव्हते. मांडीवर पृथ्वीचा गोल, हातात मेण लावलेला दोरा आणि समोर भिंतीवरचं घड्याळ. कुणाचा मुलगा परदेशी निघाला की त्याची आई आमच्या जिन्याशी हजर. हे गोलावर दोरा ताणणार, डोळे मिटणार आणि सांगणार, "मुंबई-लंडन बहात्तरशे किलोमीटर. जाताना साडेनऊ तास, येताना वारा पाठीशी, म्हणून नऊ." गणित कुणीही केलं असतं हो! पण ते पुढे जे करत, त्यानं माझ्या अंगावर काटा यायचा. भर मे महिन्यात ते "आता काळ्या समुद्रावर आहे, बाहेर उणे पन्नास" असं पुटपुटले की शेजारी भाजी निवडणाऱ्या घरमालकीण काकू मुकाट्यानं शाल ओढून घ्यायच्या. एकदा म्हणाले, "उतरत नाहीये. घिरट्या घालतंय." मी मनसोक्त हसलो. संध्याकाळी त्यांच्या लेकाचा लंडनहून फोन आला, "बाबा, अर्धा तास वरच फिरवलं हो!" त्यानंतर मी त्यांची टिंगल करायचं सोडलं. खरं सांगायचं तर मी त्यांना थोडा घाबरायलाच लागलो.

नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा काकूंनी अंथरूण धरलं. डॉक्टर म्हणाले, मुलाला बोलवून घ्या. तो लंडनहून निघाला. सकाळपासून हे गोल घेऊन पलंगाशी बसलेले. काकूंचा श्वास अडकत होता, पण दर थोड्या वेळानं ओठ हलायचे, "आता कुठं?"

"इराण ओलांडलं. थांब जरा."

मी पायाशी उभा होतो. ते पुढचं ठिकाण सांगत आणि काकू पुढचा श्वास घेत. खोलीत विलक्षण गारवा होता, पंखा तर बंद होता. अकराच्या सुमाराला त्यांनी बोट वर केलं. "टेकली चाकं! आला गं तुझा लेक."

"आला?"

"आला."

काकू प्रसन्न हसल्या. श्वास सोडला, तो परत घेतलाच नाही.

कसारा घाटात ट्रक उलटलेला होता. मुलगा दारात आला तेव्हा चार वाजून गेले होते. त्याला पाहिल्यावर हे पहिल्यांदा रडले. "मी तुला विमानतळापर्यंतच मोजलं रे. तिला सांगायला हवं होतं, अजून घाट आहे म्हणून."

लोक अजूनही त्यांच्याकडे येतात. ते दोरा ताणतात, पण आकडा लगेच सांगत नाहीत. रस्ता कुठला, घर कितव्या मजल्यावर, जिन्याला पायऱ्या किती, दार कोण उघडणार, सगळं विचारून घेतात. मगच वेळ सांगतात.